बिननावाचं पान

तंबूतल्या सिनेमाला मी गेले ती भांडूनच गेले. आमचे मालक, धोंडीबा, म्हन्ले, "बेट बगायला तिकीट कशाला? एकडाव फुकटात बगितलंय की. तेवढ्यानं पोट भरलं न्हाई व्हय तुजं?"

"तुमचं भरलं आसंल," मी म्हन्ले. "मला गोऱ्या लोकांचं बेट बगायचंय."

माघाचा महिना होता. सेलूच्या कडंला गोजरबाईच्या रानात आमचा वाडा उतरला होता. वाडा म्हंजी चिरेबंदी न्हाई बरं! आमा धनगरांचा वाडा म्हंजी मेंढरं, चार घोंगड्या, एक घोडं आन् चुलीचे तीन दगड. कापूस वेचून झालेल्या रानात राती मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानाला, जवारी आमाला, आशी बोली. गोजरबाई रानाची मालकीन, पन बाई लय हौशी. दुपारीच येऊन सांगून गेली, "भिवराबाई, दिवेलागनीला तयार ऱ्हा. तंबूत इंग्रजी सिनेमा आलाय. घरच्या घर समिंदरातल्या बेटावर आडकतं म्हन. शेळ्या बी हायेत त्याच्यात."

शेळ्या मी रोजच बगते. माझा जीव आडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत. ती लोकं बेटावरनं सुटली कशी, आन् सोडवायला जो आला त्याचं पुढं काय झालं, तेवढंच मला बगायचं होतं. कारन आमच्या सुटकेला बी एक मानूस आला होता. रझाकारी मोडली त्याच्या पुढल्या वर्साची गोष्ट. तो आला, आमाला काढलं, आन् पान्यात गेला तो गेलाच. त्याचं नाव ठाव न्हाई, गाव ठाव न्हाई, तोंड बी धड बगितलेलं न्हाई. तवापासून दर सर्वपित्रीला मी सासऱ्याच्या पानाशेजारी एक पान जादा वाढत आले. बिननावाचं. कावळा यायचा, शिवायचा, पन मला गोड वाटायचं न्हाई. ज्याला नाव घेऊन हाक मारता येत न्हाई त्याला जेवायला बोलवावं तरी कसं? आन् मनात एक किडा सारखा वळवळायचा, का ह्यो मानूस आपल्यापायी मेला. मेला का जगला ते कळंस्तोवर माझ्या घशाखाली अमावास्येचा घास उतरत नव्हता.

तर गेलो. तंबूत मधी कनात लावलेली, अलीकडं बाया, पलीकडं बाप्पे. गोजरबाईचे मालक आप्पाराव तिकडं बसले, आमी हिकडं भुईवर. माझी तानू, आठ-नऊ वर्सांची, बसल्या बसल्याच पेंगायला लागली आन् पडदा हलायच्या आदीच गोजरबाईच्या मांडीवर झोपली. तिकिटाचे पैशे गेले ते गेलेच.

पडद्यावर समिंदर आला. आगं माय, केवढं पानी! जहाज फुटलं आन् बाप, माय, तीन लेकरं वाळूवर येऊन पडली. समदे इंग्रजीत बोलायलेत, आमाला काय डोंबल कळनार? म्हनून तंबूवाल्यानं बन्सीधर नावाचा सेलूचाच एक मानूस भोंग्यापुढं बसवला होता. पडद्यावर कुनी तोंड हलवलं की ह्यानं मराठीत सांगायचं. गोरा बाप हातवारे करून करून घटकाभर बोलला, की बन्सीधर भोंग्यातनं म्हनायचा, "बाप म्हणतो, पाणी फार आहे." माय रडत रडत कायबाय बोलली, की ह्यो म्हनायचा, "आई म्हणते, हो." त्याला इंग्रजी येत होतं का न्हाई ते त्या देवालाच ठाव.

आन् ती बाई! समिंदरातनं निघाली, झाडावर चढली, चूल पेटवली, तरी तिच्या झग्याला डाग म्हनून न्हाई. केस तर आत्ताच विंचरल्यावानी. मी गोजरबाईला म्हन्ले, "हिला बेटावर कुनी पानी तापवून देतंय काय?" पुढं त्या लोकांनी झाडावर घर बांधलं. नुसतं घर न्हाई, दारं, खिडक्या, लेकराला झोका. खाली शेळी बांधलेली. मी त्या शेळीकडं बगितलं आन् मला ऱ्हावलंच न्हाई. वरडले, "आरं, कास बगा तिची, फुटायला आलीय! आदी तिला पिळा, मंग खिडक्या बसवा!"

समदा तंबू हसला. बन्सीधर भोंग्यातनं म्हन्ला, "बायकांच्या बाजूनं शांतता ठेवावी." मी म्हन्ले, "शेळीला सांग शांतता ठेवायला."

तर आसं चाललं होतं. कितीक दिस गेले त्या लोकांचे, पावसाळे गेले, लेकरं मोठी झाली. शेवटी एके दिवशी लांब पान्यात एक शीड दिसलं. बाप पळत डोंगरावर गेला, जाळ केला, माय पदर हालवावा तसा झगा हालवायली. शीड वळतंय का न्हाई, वळतंय का न्हाई, आन् पडदा पांढराफट्ट.

बत्ती लावली. लोक वरडायला लागले. बन्सीधर उठून उभा ऱ्हायला. "मंडळी, शांत व्हा. शेवटचं रीळ रेल्वेत चुकून पुढं गेलंय. पण कथा मी सांगतो. ते जहाज आलं नाही. ते कुटुंब त्याच बेटावर सुखानं राहिलं. झाला खेळ."

"सुखानं?" मी उठलेच. गोजरबाईनं लुगडं धरून वढलं, चिमटा काढला, पन मी कुठली बसते! "आरं बाबा, सुखानं म्हंजी काय? मानूस बेटावर सुखानं ऱ्हातोय व्हय? न्यायला कोन आलं ते सांग!"

"नाही आलं कोणी."

"कसं न्हाई आलं? जाळ दिसला की कुनी ना कुनी येतंच. तुला ठाव नसंल तर गप बस, खोटं सांगू नगंस."

बन्सीधर चिडला. "तुला एवढं ठाऊक आहे तर ये, तूच सांग!" त्याला वाटलं बाई लाजून खाली बसंल. मेंढरामागं गावोगाव हिंडनाऱ्या बाईला कसली आलीय लाज! मी गेले. पलीकडनं बाप्पे वरडले, "सांगू द्या, सांगू द्या! पैशे वसूल झाले पायजेत!" तो भोंग्याचा डबा माझ्या तोंडापुढं आला. मी म्हन्ले, "ते काढ बाजूला. मी डोंगरावरनं मेंढरं हाकते." आन् पांढऱ्या पडद्यापुढं उभी ऱ्हाऊन बोलायला लागले.

"गोऱ्या लोकांचं मला ठाव न्हाई. मी दुधनेच्या बेटाचं सांगते.

"रझाकारी मोडली, त्याच्या पुढल्या वर्सी आबासाहेब म्हनून एका जमीनदारानं नदीतल्या बेटावर मेंढरं बसवायला आमाला बोलावलं. मूग निघाला होता, जवारी पेरायच्या आदी खत पायजे होतं. आमी चौघं. मी, मालक, सासू म्हाळसाबाई, आन् माझ्या पोटाशी चार महिन्यांची ही तानू. पायानं नदी वलांडून गेलो, गुडघ्याएवढं बी पानी नव्हतं. आन् मंग हत्तीचं नक्षत्र लागलं.

"पाऊस आमच्यावर न्हाई पडला, वर कुठं तरी पडला. मेंढरं बसंनात, समद्यांची तोंडं वरच्या अंगाला. सासू म्हन्ली, 'धोंड्या, वाडा उचल.' आबासाहेबानं सोता काठावर येऊन वरडून सांगितलं, 'निघा रे, पाणी येतंय!' पन आमचे मालक! बोलीच्या दोन राती ऱ्हायल्या होत्या. आमच्यात बोलीच्या राती पुऱ्या झाल्याबिगर वाडा उचलत न्हाईत. रानाचा मालक जा म्हनंल, पन रानाला सबूद दिलाय त्याचं काय? आसं मानतात आमच्यात. 'रातभर बसवू, सकाळी बगू,' म्हन्ले. सकाळी बगितलं तर दोन्ही अंगानं नदी."

तंबूत कुनीतरी हसलं. मी म्हन्ले, "हासा, हासा. मी बी त्यांना लय बोलले. पन पान्याला काय सांगता?"

"आमाला बी झाड होतं बरं का. एकच, बाभळीचं. बाभळीवर बांधून दाखव म्हनावं त्या गोऱ्याला घर! खालच्या फांदीला घोंगडी बांधली, त्याच्या खाली सासू आन् मी, मधी तानू. भोवती मेंढरं दाटून उभी केली, त्यांच्या उबंनं पोर जगली. चूल पेटंना, बाजरी भिजवून कच्ची चावली. मेंढ्यांचं दूध तसंच प्यालो. भाऱ्यावानी साप व्हात आले आन् बाभळीवर चढून बसले. ते वर, आमी खाली. कुनी कुनाला बोललं न्हाई. त्यांना बी मरायचं नव्हतं, आमाला बी नव्हतं.

"दोन दिस गेले. बेट अंगनाएवढं ऱ्हायलं. माझं दूध आटलं. पोर रडायची बी थांबली. मला वाटलं, ही आता गेली.

"तवा सांजच्याला पान्यावर एक काळं ताट गरागरा फिरत आलं. जवळ आलं तर काहील! उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई, गुऱ्हाळावरची. तिच्यात एक मानूस, डोक्याला फडकं बांधलेलं, हातात बांबू. नाव न्हाई, होडी न्हाई, कढईत बसून आला बाबा! म्हन्ला, 'मेंढरं वरडायलेली ऐकू आली. लेकरू हाय का? आदी लेकरू द्या.' मला, सासूला आन् पोरीला काढलं. परत गेला, मालकाला काढलं. मालक काठावर गुडघे टेकून रडायले. म्हन्ले, मेंढरं गेली तर आमी कशाला जगायचं? खरंच होतं ते. तवा तो म्हन्ला, 'रडू नगा. मेंढरं बी आनतो.' आन् तिसऱ्यांदा गेला. आन्..."

दर वर्सी मी मनातल्या मनात हितवरच यायची आन् थांबायची. लोकांपुढं बी तिथंच थांबले.

तवा कनातीच्या पलीकडनं, पार मागनं, एक आवाज आला. लय बारीक.

"एडका सुटला, माय."

माझ्या अंगावर काटा आला. कारन एडक्याचं नाव मी काढलंच नव्हतं. आमचा घंटीचा एडका, खंडोबाला सोडलेला. तो जिकडं चालंल तिकडं समदा कळप. त्या मानसानं मालकाला इच्यारलं होतं, 'तुमच्या कळपात पुढं कोन चालतं?' आन् त्या एडक्याला कढईत घालून आनायला गेला होता. हे तिथं आमी चौघं होतो आन् तो, बस. जगात आनखी कुनालाच ठाव नव्हतं.

"कोन हाय?" मी वरडले. "कोन बोललं?"

आप्पारावांच्या शेजारी एक मानूस तोंड झाकून बसला होता. आप्पाराव त्याचा खांदा हालवायले, "काय झालं रं मुंजाजी? मुंजाजी, आरं बोल की!" आन् आमाला सांगायले, "जिनिंगवरचा मुंजाजी हाय ह्यो. वर्सं झाली, हितंच ऱ्हातो."

मी कनात उचलून पलीकडं गेले. बाप्प्यांची डोकी, खांदे, काय बगितलं न्हाई, तुडवत गेले. त्याच्यापुढं उभी ऱ्हायले आन् आदी त्याचे पाय बगितले. खरं सांगते, पाय बगितले. सरळ होते. मंग हात धरून बगितला. ऊन होता.

"जिता हाईस?" मी म्हन्ले.

तो मान खाली घालूनच बोलायला लागला. "मी लय धरला, माय. मधल्या धारंत त्यानं उडी मारली. शिंगाला धरलं व्हतं, पन कढई उलटली. मी खाली खाली व्हात गेलो, दुसऱ्याच गावाला लागलो. तापानं पडलो, महिना उठलो न्हाई. गळ्यातल्या घंटीवरनं कळलं व्हतं, एडका देवाचा हाय. मी म्हन्लो व्हतो, आनतो. न्हाई आनला. पुढं चालनारंच बुडालं, म्हंजी मागची समदी बुडाली. कढई बी गुऱ्हाळवाल्याची, ती बी गेली. कुन्या तोंडानं यावं तुमच्याकडं?"

मंग मात्र माझं डोकंच फिरलं. आरं देवा, काय बोलले मी त्याला! "आरं मुर्दाडा, आरं येड्या! एडका गेला म्हनून तोंड लपवून बसलास? हितं मी वर्सावर वर्सं झुरायली, का ह्यो मानूस आपल्यापायी मेला, आन् तू हितं जिनिंगवर कापूस हाकायलास व्हय! कोन म्हन्लं मेंढरं बुडाली? एडका पान्यात उतरला म्हनूनच तर बाकीची उतरली! घंटी वाजत गेली तशी एकामागं एक पान्यात पडली. सकाळी खालच्या वळनावर गाळात उभी होती समदी, चार-दोन सोडून. थंडीनं कापत होती, पन उभी होती. तुज्या त्या एडक्यानं आन् तू, दोघांनी मिळून कळप काढला आमचा! कुनी सांगितलं न्हाई तुला?"

त्यानं पहिल्यांदा वर बगितलं. "उभी व्हती?"

"उभी होती! त्यांचीच पिल्लं हायेत आज गोजरबाईच्या रानात. आमी तुला हुडकत सात गावं हिंडलो. काहील पालथी घावली दगडाला, कुन्या गुऱ्हाळाची ते कुनालाच सांगता येईना, आन् लोक म्हन्ले, गेला. मालक नदीच्या कडंला बसून रडले. मी तुजं..." आन् मला आठवलं, मी काय करत आले ते. "आरं माज्या देवा. मी तुजं पान वाढते रं! सर्वपित्रीला. पितरात! जित्या मानसाचं पित्र घालत आले मी!"

जित्याचं पित्र घालनं म्हंजी काय, ते समद्यांना ठाव. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता ह्यो उठंल आन् मला शाप दील.

मुंजाजीनं डोळे पुसले. मंग इच्यारलं, "काय काय वाढायची?"

"खीर, वडे, भाजी. आळूची पानं मिळाली तर तीबी."

"दर वर्सी?"

"एक बी वर्स चुकलं न्हाई."

"आन् मी त्या दिवशी उपाशी आसायचो," तो म्हन्ला. "मला कुनी न्हाई, पित्र कुनाचं घालनार? भाकर बी करायचा न्हाई कटाळ्यानं." आन् हसायला लागला. आदी तो, मंग आप्पाराव, मंग समदा तंबू. एक म्हातारा उठून म्हन्ला, "बाई, फिकीर करू नको. जित्यापनी मेल्याची खबर उठली तर आयुष्य वाढतं. तू तर खीर खाऊ घातलीस. ह्यो आता शंभरी गाठतोय बग!" पार मागं बसलेल्या पोरींनी बी टाळ्या वाजवल्या. बन्सीधरानं भोंगा बंद केला. बिचारा डोळे पुशीत होता. कुनीच पैशे परत मागितले न्हाईत.

मंग मुंजाजीनं हळूच इच्यारलं, "ते लेकरू?"

मी त्याला हाताला धरून कनातीपाशी आनलं. तानू गोजरबाईच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. एवढा गोंधळ झाला, पोरीला पत्ता न्हाई. तो वाकून बगत ऱ्हायला. हात लावला न्हाई. "हीच?" म्हन्ला. मी म्हन्ले, "हीच. आता उचल, मला उचलत न्हाई." त्यानं तिला खांद्यावर घेतलं. चारचौघांतनं बाहेर पडलो तर लोक बाजूला झाले, जसं कुनी पाव्हना चाललाय.

रानात आलो. कुत्री अंगावर धावली, मी हाकललं. मालक जाळापाशी बसले होते, मेंढरांकडं तोंड करून. म्हन्ले, "आलीस? सुटलं का गोऱ्याचं बेट?"

मी म्हन्ले, "ते ऱ्हाऊ द्या. ह्यो बगा कोन आलाय. काहिलीतला."

मालक उठले. बोलायला त्यांना मुळातच जिवावर येतं, बेटावर तेवढं बोलले तेच जादा. मुंजाजीनं पोरीला घोंगडीवर निजवलं आन् हात जोडले. "दादा, एडका..."

"देवाचा होता, देवानं नेला," मालक म्हन्ले. "तू बस." आन् आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर घातली. तिथंच त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे ऱ्हायले. हात काढंनात. खांदे मात्र हालायले होते.

मी भाकरी वाढली, दूध वतलं. आमच्यात उपकार बोलून दावायची रीत न्हाई. भाकर वाढायची, समोरच्यानं खायची, त्यात काय ते आलं. पन मला तेवढ्यानं भागनार नव्हतं. इतक्या वर्सांचं साठलेलं होतं, ते भाकरीत मावत नव्हतं. सासू बी शेवटच्या दिसात हेच म्हनत गेली होती, का त्या काहिलीतल्या पोराला कुनीतरी सांगायला पायजे होतं.

मी त्याच्यापुढं बसले आन् बोलले. "ऐक भाऊ. तू आलास म्हनून मी हाय. तू आलास म्हनून ही तानू हाय. तू आलास म्हनून माज्या कपाळाला कुकू हाय, चुलीला भाकर हाय, आन् ही मेंढरं हायेत. सासूबाई आपल्या मरनानं मेल्या, हातरुनात, माज्या मांडीवर, पान्यात न्हाई. ते बी तुज्यामुळं. तू काय बी बुडवलं न्हाईस. तुजे लय उपकार हायेत आमच्यावर, आन् ते मला फिटायचे न्हाईत, आन् मला फेडायचे बी न्हाईत. आसू देत डोक्यावर."

तो ऐकत होता. भाकर हातात तशीच, मोडलेली बी न्हाई. जाळाकडं बगत होता.

"माय," म्हन्ला, "आनखी एकडाव म्हन."

मी पयल्यापासनं समदं आनखी एकडाव म्हन्ले.